नारायण पेठेतील एक जुना संगणक आणि टिळकांचे १९० खिळे

एरवी या खात्यावर गडकोट, ताम्रपट आणि तहनामे यांचे धागे असतात. आजचा धागा एका संगणकाविषयी आहे. हा संगणक २००३ साली घेतलेला असून आजही विंडोज एक्स्पीवर चालतो. तो ठेवावा की काढून टाकावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला केसरीचा छापखाना, मोडी लिपी आणि रियासतकार सरदेसाई अशा तीन दारांवर जाऊन यावे लागले. धागा लांब आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

प्रसंग असा घडला. प्रबंधिकेसाठी मला एका जुन्या वाचनालयाच्या स्मरणिकेतील मजकूर हवा होता. हाती आलेली छापील प्रत वाळवीने निम्मी खाल्लेली होती. मात्र मुखपृष्ठामागील पानावर 'संगणकीय अक्षरजुळणी' या शब्दांपुढे नारायण पेठेतील एक पत्ता शिल्लक होता. केळकर रस्त्यावरून आत वळल्यावर एका वाड्याच्या तळमजल्यावर ते दुकान सापडले. दोन टेबले, दोन संगणक, छतापर्यंत रचलेले बटर पेपरचे गठ्ठे आणि सत्तरीला टेकलेले काका.

दोन संगणकांपैकी एकावर विंडोज १० होते, दुसऱ्यावर एक्स्पी. वाडा पुनर्विकासाला गेला असून काही महिन्यांत जागा रिकामी करायची आहे. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. काकांचा तो संगणक इतका जुना आहे की विंडोज ११ त्याला आपला मानायला तयार नाही. त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. म्हणजे एक संगणक कालबाह्य आणि दुसरा कालबाह्यांचाही आजोबा.

काका म्हणाले, "मुलगा म्हणतो, बाबा, दोन्ही काढून टाका, नव्या गाळ्यात एकच नवा घेऊ. त्याचंही काही चुकत नाही. पण हे डबडं बंद केलं, तर तू मागतेस ती स्मरणिका मी कुठून देणार, सांग बरं?"

मी उत्साहाने म्हटले, "काका, फाइल पेन ड्राइव्हवर द्या ना. मी घरी उघडते." काका हसले. ते का हसले हे घरी गेल्यावर समजले. पेजमेकरची ती फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडेना. त्यांनी सोबत दिलेली साध्या मजकुराची प्रत उघडली, पण तिच्यात मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, चलनांची चिन्हे, उलटे प्रश्नचिन्ह, मधेच एखादा आकडा. वाचनालयाचा शंभर वर्षांचा इतिहास माझ्या पडद्यावर एखाद्या सांकेतिक खलित्यासारखा पसरला होता.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी त्याच रस्त्यावरील केसरीवाड्यात जावे लागते.

इंग्रजीचा जुळारी भाग्यवान. मोठी-लहान अक्षरे, आकडे, विरामचिन्हे धरून त्याचे काम मोजक्या खणांत भागते. देवनागरीचे तसे नाही. प्रत्येक व्यंजनाचे पूर्ण रूप, अर्धे रूप, उकार लागल्यावर बदलणारे रूप, वर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, मात्रा. सगळे खिळे वेगळे पाडायचे म्हटले तर संख्या कित्येक शतकांत जाते. जुळाऱ्यासमोरची केस इतकी रुंद होते की हात पोहोचवायला पाय हलवावे लागतात. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक टाइपाचा मानदंड घालून दिला होता, पण आठवडी वृत्तपत्राला सौंदर्याइतकाच वेगही हवा असतो.

लोकमान्य टिळकांनी १९०४ च्या सुमारास केसरीसाठी या पसाऱ्याला कात्री लावण्याचे काम हाती घेतले. अर्धे अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर साधता येत असेल, तर पूर्ण अक्षराचा स्वतंत्र खिळा कशाला? अशा छाटणीतून, टिळकांच्या पश्चातही चालू राहिलेल्या या उद्योगाने खिळ्यांची संख्या सुमारे १९० पर्यंत खाली आणली. लिपिसुधारणेच्या इतिहासात हा संच 'टिळक फाँट' या नावाने ओळखला जातो. राजद्रोहाचे खटले, मंडाले, गीतारहस्य या सगळ्याच्या जोडीने हा गृहस्थ खिळे मोजत होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही याचे मला वाईट वाटते.

हा १९० चा आकडा लक्षात ठेवा.

आता थेट विसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि पुढील काही वर्षांत पेठेतील खिळ्यांच्या केसी भंगारात जाऊ लागल्या. परंतु संगणकाचीही एक केस होती आणि तिचे खण ठरलेले होते. त्या काळच्या फाँटमध्ये एका अक्षराला आठ बिटांची जागा मिळे, म्हणजे एकूण २५६ खण. त्यांतील पहिले ३२ खण यंत्राच्या आज्ञांसाठी राखीव. आणखी काही या ना त्या कारणाने निरुपयोगी. मराठीला राहिले जेमतेम दोनशेच्या आसपास.

म्हणजे १९९० च्या दशकात मराठी फाँट घडवणारा अभियंता जवळजवळ त्याच आकड्यापाशी येऊन उभा राहिला, जिथे केसरीचे जुळारी येऊन थांबले होते. त्याने उपायही तोच केला. अर्धा ग आणि पुढे काना, झाला ग. कंपनीचे अभियंते टिळकांची छाटणी अभ्यासून बसले होते असा माझा दावा नाही. अडचण तीच असल्याने वाटही तीच निघाली.

फरक एकच होता आणि तो फार महागात पडला. खिळा हे निदान अक्षर असते. कोणत्याही छापखान्यात नेला तरी ग हा गच राहतो. फाँटमधला ग मात्र एक क्रमांक असतो आणि कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळूरची आकृती. प्रत्येकाची केस वेगळी. फाइलमध्ये साठवलेली असे ती फक्त क्रमांकांची माळ, आणि तिची किल्ली असे त्या विशिष्ट फाँटपाशी. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून अनेक पॅकेजांसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचे एक 'लॉक' येई. काकांच्या एक्स्पीच्या पाठीशी ते अजूनही आहे, धुळीने राखाडी झालेले. आज बाजारात मिळणाऱ्या संगणकांना बहुधा तसले पोर्टच नसते.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण पुण्याला तिचे श्रेय आहे. सर्वांना समान असा भारतीय लिपींचा संकेत तेव्हा अस्तित्वात नव्हता असे नाही. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्याच घडामोडीतून इस्की हा संकेत आकाराला आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. इस्कीत क म्हणजे क. तो कोणत्या फाँटमध्ये कसा दिसतो याच्याशी संकेताला कर्तव्य नाही. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतली. आज तुमच्या फोनवर हा धागा वाचता येतो त्याचे मूळ तिथे आहे.

मग पेठेतल्या दुकानांनी ही वाट का धरली नाही? कारण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते. २००१ ची ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती, तीही जुन्याच केसवर चालणारी. दुकानदाराला उद्या सकाळी लग्नपत्रिका द्यायची असते. संकेत शुद्ध आहे की नाही हे पत्रिका घेणारा विचारत नाही. तो मामाचे नाव बरोबर छापले आहे का, एवढेच पाहतो.

विंडोजमध्ये देवनागरी रीतसर आली ती विंडोज २००० सोबत. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. एक्स्पीतही ती सोय होती, पण झाकून ठेवलेली. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची, तेव्हा कुठे जोडाक्षरे जुळत. ज्यांनी ती खूण केली नाही त्यांना मराठी संकेतस्थळांवर सुटे हलन्त आणि भरकटलेल्या वेलांट्या दिसत. माझ्या पिढीतील अनेकांची संगणकावरील मराठीशी पहिली ओळख अशी मोडक्या अवस्थेत झाली आहे.

आणि तरीही प्रणाली अद्ययावत करण्याच्या बाजूने एक कारण असे आहे की ज्याला मराठी माणसाकडे उत्तर नाही. ते कारण म्हणजे ॲ. ॲड., ॲप, ॲल्युमिनियम यांतला हा स्वर युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी तयार झालेल्या प्रणालीत आणि फाँटमध्ये तो असणे शक्यच नव्हते. तिथे त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. जुनी प्रणाली कितीही इमानी असली तरी ती भाषेच्या एका विशिष्ट दिवशी गोठलेली असते. भाषा पुढे जाते, प्रणाली तिथेच राहते.

एक्स्पीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. याचा अर्थ संगणक बंद पडतो असा नव्हे. त्यात नव्याने सापडणारी भगदाडे यापुढे कोणी बुजवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्स्पीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. पण अपवादाच्या भरवशावर कोणी किल्ला लढवत नाही. काकांनी मात्र आपला बंदोबस्त फार पूर्वीच केला होता. त्या संगणकाची इंटरनेटची वायरच त्यांनी काढून टाकली. "दारच नाही, तर चोर येईल कुठून?" हे त्यांचे सुरक्षा-धोरण. धोरण म्हणून ते वाईट नाही, फक्त पेन ड्राइव्ह ही खिडकी ते विसरतात.

आता त्या २०१४ सालातील एक योगायोग पाहा. एप्रिलमध्ये एक्स्पीने मान टाकली आणि जूनमध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले. ज्या लिपीत शतकानुशतके मराठीचा कारभार चालला, तिला संगणकावर स्वतःचे खण मिळाले तेव्हा ती लिहिणारे बहुतेक सगळे निघून गेले होते.

मोडीचा उल्लेख मी सहज करत नाही. मोडीकडून बाळबोधाकडे जाणे हे मराठीच्या इतिहासातील सर्वांत मोठे 'अपग्रेड' आहे, आणि काकांच्या दुकानातील प्रश्न त्याचीच धाकटी पाती आहे. मोडीला खिळे मिळाले नाहीत असेही नाही. विल्यम कॅरीने १८१० मध्ये श्रीरामपूरहून काढलेल्या मराठी कोशात मोडी टाइप वापरला आहे. पण पुढे छापखान्याने बाळबोध उचलली, शाळेने छापील पुस्तक उचलले आणि मोडी हातापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास ती शाळांतूनही गेली. लिहिणे सोपे झाले, वाचणारे वाढले. हे नुकसानच झाले असे म्हणणारा माणूस शुद्ध भावुक असला पाहिजे.

मात्र मागे कागद राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतील मोठा भाग मोडीत आहे. १९३० च्या आसपास गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडक कागद वेचून, बाळबोधात उतरवून ४५ खंड छापले. आपण पेशवाईवर वाचतो त्यातील किती तरी भाग या खंडांच्या पायावर उभा आहे. पण ही निवड असल्याचे शीर्षकातच म्हटले आहे हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे महत्त्वाचे वाटले ते बाळबोधात आले. लढाया आल्या, तह आले, कारस्थाने आली. जे राहिले ते आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत रुमालांत बांधलेले आहे. कोणी ते नष्ट केले नाही. फक्त कोणी पलीकडे नेले नाही.

नव्या प्रणालीवर जायचे की नाही, या प्रश्नाकडे आपण चुकीच्या बाजूने पाहतो असे मला तेव्हा वाटू लागले. जायचे तर आहेच; आज ना उद्या ते लॉक मरेल, नाही तर हार्ड डिस्क. खरा प्रश्न आहे तो पलीकडे काय न्यायचे आणि ते उचलणार कोण, हा.

मी काकांना विचारले, "काका, यात एकूण फाइली किती आहेत?" त्यांनी वही काढली. ती वही म्हणजे स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. तीनशेच्या वर कामे, तारखेसह, निळ्या शाईत. लग्नपत्रिका आणि हॅण्डबिले त्यांनी नोंदवलीच नव्हती. जे नोंदवले होते त्यात स्मरणिका, शाळांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पोथ्या, आणि अकरा कुलवृत्तान्त. कुलवृत्तान्त म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको. घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ, कोण कुठल्या गावी गेले, कोणाची कोणत्या घरातून आलेली सून, कोण प्लेगात गेले. छापल्या जातात मोजक्या प्रती, त्याही नातेवाइकांपुरत्या. सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थिनीला हा खजिना आहे, आणि तो एका डबड्यात, एका लॉकवर अवलंबून होता.

यावर "लिनक्स टाका" असे उत्तर लिहायला काही जणांचे हात शिवशिवत असतील, त्यांनी क्षणभर थांबावे. प्रश्न प्रणालीचा नाही, केसचा आहे.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली अशी की सर्वप्रथम संपूर्ण हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दोन ठिकाणी काढून ठेवायची. ते एका रविवारी झाले. दुसरी, एक्स्पी जिवंत आहे तोवर प्रत्येक नोंदलेल्या कामाची पीडीएफ करायची. फाँट आत गुंफलेला असल्याने पीडीएफ कुठेही डोळ्यांनी वाचता येते. मात्र तिच्यात शोध घेता येत नाही, कारण आत अजून तीच क्रमांकांची माळ असते. मोडी कागदाचे छायाचित्र काढण्यासारखे हे आहे. कागद वाचला, मजकूर नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष रूपांतर, आणि खरी कसोटी तिथे आहे. फाँटमधील क्रमांक युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. पण जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी साठवलेली. रफार अक्षराच्या डोक्यावर मागाहून बसतो, म्हणून तो नंतर. साधनाने हा क्रम उलटवला नाही तर 'कार्य'चे 'कायर्' होते. जुन्या सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलताना हे तुम्ही पाहिले असेल.

आणि मग आपला खास मराठी शत्रू: दुसऱ्या, साऱ्या, सुऱ्या यांतला तो ऱ्य. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी बनलेली साधने त्याला ओळखतच नाहीत. युनिकोडमध्ये तो ऱ या अक्षरापासून साधतो, आणि त्या अक्षराची मूळ नोंद द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. म्हणजे आपला ऱ्य दुसऱ्याच्या घरी भाड्याने राहतो. पहिल्या कुलवृत्तान्तात साधनाने प्रत्येक 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' केले होते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत फरक आहे हे यंत्राला कसे कळणार? एक मठात असतो, दुसरा मुदपाकखान्यात.

त्यामुळे प्रत्येक पान माणसाने वाचावे लागते. तीनशे कामे मी वाचू शकत नाही आणि काकांचे डोळे आता थकले आहेत. निवड करावी लागली. मी यादी केली: आधी अकरा कुलवृत्तान्त, मग वाचनालयांच्या स्मरणिका, मग शाळांचे अहवाल. काकांनी यादी पाहिली आणि भजनी मंडळाच्या एका पोथीवर बोट ठेवले.

"ही का नाही गं?"

मी म्हटले, "काका, तिच्यात ऐतिहासिक असं काही..." आणि वाक्य तिथेच थांबले. मला रुमालांत बांधलेले कागद आठवले.

ती पोथी आता यादीत चौथी आहे. मुलाने नवा संगणक घेतला असून त्यावर विंडोज ११ आहे. एक्स्पी वाडा पडेपर्यंत चालू राहील, नंतर तो माझ्या खोलीवर येणार आहे. खोलीच्या मालकीणबाईंना मी अजून सांगितलेले नाही. पहिल्या कुलवृत्तान्ताची ६२ पाने तपासून झाली आहेत. ज्यांना ऱ्य ओळखता येतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देता येते, त्यांनी खाली आपले नाव लिहावे. पुढच्या धाग्यात काकांच्या वहीविषयी.